सुगनबाईंची बाग आणि काळी मोटार

देवपूर, धुळे
६ ऑक्टोबर १९३७

चि. पंडित,

आशीर्वाद. हे पत्र वाचून झाले की आधी तांब्याभर पाणी पी आणि मग चिडायचे तेवढे चिड.

शेजारच्या पारसमलशेठनी तुला मुंबईहून रंगाच्या नळ्या मागवून पाठवल्या आणि तू 'चित्र काढून देतो' असे उलटटपाली कळवलेस, हे मला आज त्यांच्या आई सुगनबाईंकडून कळले. मधल्या भिंतीवरून. सख्ख्या भावाची बातमी शेजारणीकडून कळायची, ही बी.ए. झालेल्या माणसाची तऱ्हा. असो.

कशासाठी चित्र हवे आहे ते शेठनी तुला लिहिलेले नसणार. मी लिहिते. त्यांनी मोटार घेतली आहे. नव्या वर्षात मुंबईहून येणार आहे. ती ठेवायला मोटारखाना हवा आणि तो रस्त्याच्या अंगाला हवा, म्हणजे सगळ्या देवपुराला दिसेल. रस्त्याच्या अंगाला काय आहे? सुगनबाईंची बाग. तू पाहिली आहेस. आपल्या खिडकीतून गुलाब, शेवंती, कर्दळ सगळे दिसते. त्यांच्या घरात देवाला फूल वाहत नाहीत, डोक्यात घालायला उगीच तोडत नाहीत, म्हणून फुले झाडावरच राहतात आणि बाग कायम लग्नघरासारखी दिसते. मागच्या बाजूला पडीक जागा आहे, पण तिथे मोटार ठेवली तर ती पाहणार कोण?

सुगनबाई मुलाशी भांडल्या नाहीत. त्या भांडत नाहीत. शेठच म्हणाले, "माँसा, बाग जाणार नाही. मी तिचं हुबेहूब चित्र काढवून तुमच्या खोलीत लावतो. पाणी नको, माळी नको, बारा महिने फुललेली." यावर त्या म्हणाल्या, "ठीक. चित्र बघून मला वाटलं की ही माझीच बाग, तर त्या दिवशी खुशाल खण. नाही वाटलं तर फावडं लावायचं नाही." शेठनी शब्द दिला. त्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत. आपल्याला आडवे येते ते हेच आणि आधार आहे तोही याचाच. जैन आहेत, चातुर्मासात ते लोक माती उकरत नाहीत. म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काही व्हायचे नाही. पुढचे तुझ्या हातात आहे.

तेव्हा पंडित, एवढे कर. चित्र बिघडव.

तुझी
अक्का

(तू चित्रे काढतोस हे त्यांना मीच सांगितले होते. तेवढे मला बोलू नकोस.)

*

जळगाव
१० ऑक्टोबर १९३७

ती. अक्कास नमस्कार.

पाणी प्यालो. चिडलो नाही, पण दोन दिवस झोप नीट लागली नाही.

मोटारखान्याचे मला खरेच माहीत नव्हते. शेठनी 'बागेचे स्मरण राहावे' एवढेच लिहिले होते. आधी माहीत असते तर मी नाही म्हटले असते का? रोजनिशीत मी 'म्हटले असते' असे लिहिले आणि मग ते खोडले. कारण नळ्या उघडल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो पाहता मी कसेही करून हो म्हणण्याचे निमित्त शोधले असते, अशी मला शंका आहे.

आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन गेले तेव्हा माझ्याकडे एक विलायती पुस्तक ठेवून गेले. फ्रान्समधल्या काही चित्रकारांची त्यात रंगीत चित्रे आहेत. त्यातले एक फुलबागेचे आहे. जवळून पाहिले तर त्यात फूल म्हणून एकही नाही. नुसते रंगाचे ठिपके, एकावर एक, शेजारी शेजारी. पुस्तक खुंटीजवळ उभे करून मी दारापाशी गेलो आणि वळून पाहिले, तर अक्का, त्या बागेत ऊन पडले होते! फुले नव्हेत, ऊन रंगवले होते. फुले आपोआप आली. आणि त्यात सावली काळी नाही. निळी आहे, जांभळी आहे. मला ते खोटे वाटले, म्हणून दुपारी शाळेच्या लिंबाखाली जाऊन बघत बसलो. सावली निळीच होती. मी चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत ती काळी का दिसत होती, हे मला कळत नाही. तुझ्या भावजयीला दाखवायला नेले तर ती म्हणाली, "डोळे दाखवून या एकदा."

आता तुझे म्हणणे. मुद्दाम चित्र बिघडवणे मला जमणार नाही. ज्याचे रंग घेतले त्याला जाणूनबुजून वाईट चित्र द्यायचे, ही फसवणूक आहे. बाग वाचावी असे मलाही वाटते. पण माझा हात त्यासाठी खोटा चालणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि जे दिसेल ते काढतो.

मला वाईट समजू नकोस. समजलीस तरी कळव.

तुझा
पंडित

*

देवपूर, धुळे
१४ ऑक्टोबर १९३७

चि. पंडित,

वाईट कशाला समजू? मुद्दाम बिघडवू नकोस. नेहमी काढतोस तसेच काढ. तुझ्या दाजींचे चित्र काढले होतेस ते अजून न्हाणीघराच्या दारामागे आहे आणि येणारा प्रत्येक जण 'हे तुमचे सासरे का' म्हणून विचारतो. माझा तुझ्या हातावर पूर्ण विश्वास आहे.

ये. वांगी चांगली आली आहेत. भरीत आणि कळण्याची भाकरी करीन. निळ्या सावलीत बसून खा.

अक्का

*

देवपूर, धुळे
१६ नोव्हेंबर १९३७

चि. पंडित,

धन्य आहेस! तोंडावर 'जे दिसेल ते काढतो' म्हणत होतास आणि आतून असा पक्का निघशील असे वाटले नव्हते. रोज सकाळी एकाच वेळेला बागेत तिवई मांडून बसायचास, ऊन विहिरीच्या काठाला लागले की कुंचले धुऊन उठायचास, कोणाला बघू द्यायचा नाहीस. मला वाटले, हा वेडा खरेच मन लावून काढतो आहे. तू शाळा उघडली म्हणून गेलास आणि चित्र झाकून ठेवून गेलास, तेही किती हुशारीने! समोर असतास तर हसू आवरले नसते.

काल ते उघडले. कसे झाले ते ऐक.

शेठच्या बैठकीत गादीवर स्वतः शेठ, शेजारी मुनीम प्रकाशचंद, दाराशी झुलाल माळी आणि त्याच्यामागे मी. मला सुगनबाईंनी पाठवले होते. त्यांचे मोठे दीर, म्हणजे शेठचे मोठे काका, जामनेरहून येऊन गादीवर बसलेले, म्हणून त्या पुरुषांत येणार नव्हत्या. प्रकाशचंदांनी कापड ओढले.

शेठ उठले, चष्मा लावला आणि चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले. मग म्हणाले, "प्रकाशचंद, आणताना हे कशाला घासलं का?"

प्रकाशचंद म्हणाले, "मी स्वतः उचलून आणलं, शेठ. कुठे लागलं नाही."

"मग हे काय आहे?"

"शेवंती असावी."

"हे निळं?"

"ते... तीही शेवंतीच असावी."

मोठे काका गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मास्तरांनी कुंचला पुसायचं फडकं चुकून दिलं. खरं चित्र ते जळगावला घेऊन गेले असतील. माणूस पाठव."

झुलाल माझ्याकडे वळून म्हणाला, "हाई काय शे ओ अक्का? कोंबड्या रंगमा पाय बुडाईसन नाचन्यात का यानावर?" जैनाच्या बैठकीत कोंबड्या! मी पदर तोंडात धरून बाहेर पळाले.

शेठ फार खिन्न झाले आहेत. पण तुझ्याबद्दल वावगे बोलले नाहीत. "मास्तरांची तब्येत बरी नसावी," एवढेच म्हणाले. परवा पौर्णिमा आहे. चित्र झाले नाही, म्हणजे बाग गेली नाही. सुगनबाईंना भिंतीवरून सगळे सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या.

तू एवढा लबाड आहेस हे आईला कळायला हवे होते.

अक्का

*

जळगाव
१९ नोव्हेंबर १९३७

ती. अक्कास नमस्कार.

तुझे पत्र शाळेत मिळाले. मी ते तिथेच वाचायला नको होते.

मी लबाडी केलेली नाही. मी चित्र बिघडवलेले नाही. आजवर माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले चित्र आहे.

हे लिहून थांबलो. मला कशाचे वाईट वाटते आहे? तुम्ही हसलात याचे, की बाग वाचली याचा आनंद मला होत नाही याचे? आनंद व्हायला हवा होता. तुला जे हवे होते ते झाले, सुगनबाईंना हवे होते ते झाले आणि मी कुणाला फसवलेही नाही. एवढे सगळे सुखाचे जुळून आले असताना मी पुढच्या तासाला मुलांवर का खेकसलो? कोंबड्यांचे वाक्य मला अक्षरशः टोचत राहिले.

अक्का, त्या चित्रात मी काळ्या रंगाची नळी उघडलीसुद्धा नाही. पायवाट मातीच्या रंगाची नाही, सकाळी ती फिकट गुलाबी असते. झेंडूच्या बुडाशी जांभळे आहे, कारण जांभळ्याशेजारी पिवळा पेटतो. कर्दळीच्या पानावर जिथे ऊन पडते तिथे हिरवे नाहीच, जवळजवळ पांढरे आहे. हे सगळे मी रोज त्या एका वेळेला, पुन्हा पुन्हा खात्री करून मांडले आहे. नाक लावून बघायचे ते चित्र नव्हे. बैठकीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून, डोळे जरा किलकिले करून बघायला हवे.

हे शेठना कळवावे म्हणून काल पत्र लिहिले. टाकले नाही. 'लांबून बघा' एवढे दोन शब्द कळवले की माझी अब्रू वाचते आणि बाग जाते. न कळवावे तर चित्र अर्धवट दिल्यासारखे होते. औषध दिले आणि कसे घ्यायचे ते सांगितले नाही, असे. पत्र कोटाच्या खिशात आहे. खिसा जड लागतो.

तुझा
पंडित

*

देवपूर, धुळे
२२ नोव्हेंबर १९३७

चि. पंडित,

खिशातले पत्र फाडून टाक. त्याचा आता उपयोग नाही. घात झाला.

काल मोठे काका जामनेरला परत निघाले. त्यांच्या पाया पडायला सुगनबाई बैठकीत आल्या. दिरासमोर यायचे म्हणून ओढणी अशी तोंडावर हनुवटीपर्यंत ओढलेली. पाया पडून वळल्या. भिंतीला ते चित्र टेकवून ठेवले होते, परत पाठवायचे म्हणून. सुगनबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी मागेच होते. मला वाटले, घेरी आली.

त्या म्हणाल्या, "ओ तो म्हारो ही बगीचो है!"

शेठ म्हणाले, "कुठे माँसा?"

"हा काय. पाणी घालून झुलाल नुकताच गेलाय. ऊन विहिरीला लागायचंय अजून."

शेठनी चित्राकडे पाहिले, आईकडे पाहिले. म्हणाले, "माँसा, ओढणीतून तुम्हाला काय दिसणार?"

"ओढणीतूनच दिसतंय. वर केली की जातंय." आणि खरेच त्यांनी दिराकडे पाठ करून ओढणी उचलली, पाहिले, तोंड वाकडे केले, पुन्हा खाली सोडली आणि हसल्या.

पुढचे मी जन्मात विसरणार नाही. पारसमलशेठ, ज्यांच्या नावाने त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसे चळचळ कापतात, ते आत गेले आणि सुनेची मलमलीची ओढणी घेऊन आले. दार लावून घ्यायला सांगितले. मला बाहेर जा म्हणायचे राहून गेले. ओढणी डोक्यावरून तोंडावर घेतली. चित्रासमोर जाऊन उभे राहिले. मग आतून आवाज आला, "प्रकाशचंद."

"जी शेठ."

"इकडे ये. आत ये."

आणि ते दोघे एका ओढणीखाली, पंडित! दोन नवऱ्यामुलींसारखे! प्रकाशचंदांची पगडी वर टोकासारखी. "शेवंतीच आहे, शेठ," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "मी म्हटलंच होतं." मग मोठ्या काकांनी हात पुढे केला, "द्या इकडे." गाडीची वेळ होत आली होती, तरी त्यांनी दोनदा पाहिले. मग झुलालला बोलावले. मग मीही पाहिले.

मेल्या, काय काढले आहेस रे. ऊन होते त्यात.

ओढणी काढून मी डोळे पुसले आणि मग माझ्या लक्षात आले की बाग गेली. सुगनबाईंच्याही त्याच वेळी लक्षात आले असावे. त्या खाली बसल्या. शेठना म्हणाल्या, "दिला शब्द तो दिला. खण." शेठचा चेहराही काही आनंदी नव्हता. पण पुढच्या सोमवारी मजूर सांगितले आहेत.

सगळ्या जन्मात एकदा चांगले चित्र काढलेस. आताच काढायचे होते?

अक्का

*

जळगाव
२४ नोव्हेंबर १९३७

ती. अक्कास,

नमस्कार. घाईत आहे.

तुझे पत्र वाचताना मला आधी आनंद झाला. 'ऊन विहिरीला लागायचंय अजून' हे सुगनबाईंचे वाक्य मी तीनदा वाचले. चित्रावर असा अभिप्राय जगात कुणाला मिळाला नसेल. बागेची आठवण त्यानंतर झाली. आनंद आधी आणि बाग नंतर, हा क्रम मला फार अस्वस्थ करतो आहे.

पण त्याच वाक्यामुळे मला माझी एक चूक दिसली. ती शेठना कळवली आहे. पत्राची नक्कल सोबत आहे. यात कोणतीही युक्ती नाही. निदान मला तरी दिसत नाही.

पंडित

(नक्कल)

श्री. पारसमलशेठ यांस सप्रेम नमस्कार.

चित्र पसंत पडल्याचे अक्काने कळवले. आपला आणि माताजींचा मी ऋणी आहे. परंतु आपण ते 'बागेचे चित्र' म्हणून स्वीकारत आहात असे दिसते, आणि तसे ते नाही. हे मी आधीच सांगायला हवे होते.

मी बाग काढलेली नाही. बागेवर सकाळी ऊन भिंतीवरून आत उतरते तेव्हापासून ते विहिरीच्या काठाला लागेपर्यंत जो प्रकाश असतो, तेवढाच काढला आहे. माताजींनी ती वेळ अचूक ओळखली. त्यानंतर तीच शेवंती दुसऱ्या रंगाची होते. दुपारी पायवाट गुलाबी राहत नाही. संध्याकाळी कर्दळ पेटते आणि गुलाब विझतात. आभाळ आले की सगळेच वेगळे. पावसाळ्यातली बाग तर मी पाहिलेलीही नाही. हे काहीही त्या कापडावर नाही. मी एका वेळेला बसलो, कारण ऊन सरकले की माझे आधीचे रंग खोटे पडत होते.

तेव्हा माताजी चित्र पाहून 'ही माझी बाग' म्हणाल्या असतील तर त्यात माझ्याकडून त्यांची अजाणता दिशाभूल झाली आहे. ती त्यांची सकाळची बाग आहे. बाकीची बाग अजून बाहेर उभी आहे. आपण काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. चित्रात काय नाही, एवढे सांगणे माझे कर्तव्य होते.

आपला
पंडित पाटील

*

देवपूर, धुळे
३० नोव्हेंबर १९३७

चि. पंडित,

'यात कोणतीही युक्ती नाही'! हे वाक्य मी दाजींना वाचून दाखवले. ते झोपेतून उठून हसले.

तुझे पत्र सोमवारी सकाळी आले. मजूर कुदळी घेऊन फाटकात उभे. शेठनी पत्र वाचले, कपाळाला हात लावला आणि पुन्हा वाचले. ते लपवले असते तर कोणाला कळले असते? पण माणूस शब्दाचा आहे. आईसमोर जाऊन मोठ्याने वाचले. मी भिंतीशी होते. आता माझी जागा तीच आहे.

सुगनबाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग संध्याकाळची कुठे आहे?"

"काय संध्याकाळची, माँसा?"

"बाग. मी संध्याकाळी बसते ना तिथे. सकाळी तर मला वेळच नसतो."

शेठ म्हणाले, "पण तुम्ही चित्र बघून म्हणालात, ही माझीच बाग."

"म्हणाले. मास्तर म्हणतात की ती सकाळचीच आहे. काढणाऱ्याला जास्त माहीत की मला? सकाळची बाग खण हवी तर."

"सकाळची बाग कशी खणणार?"

"ते मला काय माहीत? तू बोलला होतास, बारा महिने फुललेली. श्रावणातली दाखव. चैत्रातली दाखव. सगळी झाली की शब्द माझा, एक रोप अडवणार नाही."

मजुरांना चहा देऊन परत पाठवले. शेठ ओसरीवर बसून राहिले. मग भिंतीशी येऊन मला म्हणाले, "भागाबाई, तुमचे भाऊ वकील का नाही झाले?"

मी म्हटले, "खोटं बोलता येत नाही त्याला."

"तेच तर," ते म्हणाले. "खोटं असतं तर मी खोडून काढलं असतं."

पंडित, मी तुझी मोठी बहीण आहे. मला खरे सांग. तुला माहीत होते ना?

अक्का

*

जळगाव
४ डिसेंबर १९३७

ती. अक्कास नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी चार वेळा बसलो.

पत्रातले प्रत्येक वाक्य खरे होते. ते पाठवताना बाग वाचेल असे मनात होते का? रोजनिशीत त्या दिवशी तसे काही नाही. पण मी रोजनिशीतही स्वतःला जरा बरा दाखवतो, हे मला ठाऊक आहे. पेटीत पत्र टाकून परतताना मी शीळ घालत होतो, असे तुझी भावजय म्हणते. मला आठवत नाही. शीळ घालणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच.

खरे बोलून एखादी गोष्ट साधली, तर ते खरे थोडे कमी होते का? याचे उत्तर मला सापडले नाही. सापडेपर्यंत दुपारची बाग काढायला हरकत नसावी. शेठनी कोरडे दोन ओळींचे कार्ड पाठवले आहे: 'नाताळच्या सुट्टीत या. संध्याकाळचे आधी करा.' सोबत रंगाच्या नळ्यांचे मोठे खोके आहे. या वेळी काळ्या रंगाची नळी त्यांनी मुद्दाम वगळली आहे असे दिसते.

वांगी राहिली आहेत का?

तुझा
पंडित

*

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी १९३८

सिद्ध श्री जळगाव शुभस्थाने पंडितराव मास्तर यांसी, देवपूर धुळ्याहून पारसमलचा जयजिनेंद्र वाचावा.

आपण नाताळात आलात, दोन चित्रे काढलीत. संध्याकाळचे माँसांच्या खोलीत लावले. दुपारचे बैठकीत आहे. घरातल्या सगळ्या बायांच्या ओढण्या आता बैठकीत खुंटीला असतात, कारण व्यापारी येतात, चित्र बघायला मागतात आणि ओढणीशिवाय त्यांना ते दिसत नाही. धुळ्यात माझे हसे झाले. ते सोडा. आपणाला लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

मी कापसाचा व्यापारी आहे. पांढरे ओळखणे हा माझा धंदा. वडिलांनी मला दहाव्या वर्षी ढिगासमोर बसवले. कापूस कोणत्या शिवारातला, पाऊस लागलेला की कोरडा, हे मी बोंडाच्या पांढरेपणावरून दुरून सांगत आलो. गेल्या आठवड्यात जिनिंगमध्ये पारोळ्याचा माल पडला होता. मगन दलाल म्हणाला, "शेठ, सांगा." मी ढिगाकडे पाहिले. उन्हाच्या बाजूने तो पिवळट गुलाबी होता. सावलीच्या बाजूने निळा. मास्तर, निळा! जांभळ्याची एक रेघसुद्धा होती. मी उभाच राहिलो. मगन म्हणाला, "शेठ, पांढरा किती?" माझ्या तोंडून गेले, "किती वाजता?"

ती गोष्ट जामनेरपर्यंत गेली आहे. मोठ्या काकांनी माणूस पाठवून माझी तब्येत विचारली.

मी माँसांना म्हटले, "मास्तरांनी माझे डोळे नासवले." त्या म्हणाल्या, "नासवले नाहीत, उघडले असतील. आता खणशील बाग?" दुसऱ्या दिवशी उठून सकाळी स्वतः बागेत गेलो. पन्नास वर्षे त्या घरात राहतो. ऊन विहिरीच्या काठाला लागेपर्यंत तिथेच बसलो. मग प्रकाशचंदांना बोलावून सांगितले की मोटारखाना मागच्या पडीक जागेत बांधा. कोणाला दिसला नाही तर नाही दिसला. आपल्या पुढच्या चित्रांची वाट बघून मी हा निर्णय केलेला नाही, म्हणून आपणावर आता कोणतेही बंधन नाही. तरी श्रावणात या. माँसांनी तेरडा लावायचे ठरवले आहे.

आता मुख्य काम. मोटार परवा आली. मी काळी मागवली होती, कंपनीच्या कागदावर काळी लिहिले आहे, सगळा देवपूर तिला काळी म्हणतो. आज संध्याकाळी ती बागेच्या फाटकाशी उभी होती. मास्तर, तिच्या दारावर कर्दळ होती, चाकावरच्या पत्र्यावर आभाळ होते, खाली गुलाबी होते आणि काळे शोधून सापडेना. मी चहूबाजूंनी फिरून पाहिले. ओढणी घेऊनही पाहिले. माझी फसवणूक झाली आहे की नाही ते आपण येऊन आपल्या खरेपणाने लेखी द्यावे. मला मुंबईला तक्रार करायची आहे.

संध्याकाळी या. सकाळी ती हिरवी असते.

आपला
पारसमल